वस्तू तयार झाली, आता पुढे?

स्नेहसंमेलनाच्या सुमारास कोणत्याही प्राथमिक शाळेत जा, वर्गाच्या भिंतीवर हमखास कागदाची बदके दिसतील. चाळीस मुलांची चाळीस बदके. सगळ्यांची चोच एकाच बाजूला, सगळ्यांचे पंख एकाच रंगाचे. बाईंनी फळ्यावर नमुना चिकटवला, मुलांनी तो पाहून कापले, चिकटवले, तास संपला. काही मुलांचे बदक घरी आईने पूर्ण केले असेल, आणि अलीकडे तर असे तयार 'प्रोजेक्ट' स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. भिंत छान दिसते, पाहुणे कौतुक करतात. पण या तासाला मुलाच्या डोक्यात कोणता प्रश्न उभा राहिला असेल, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाते.

'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. कार्यानुभवाच्या तासाला पिढ्यान्‌पिढ्या ते वापरले गेले. त्यांतला 'टाकाऊ' हा भाग उत्तमच आहे. सामान फुकट मिळते आणि मोडले तरी कोणी रागावत नाही. अडचण आहे ती 'टिकाऊ' या शब्दात. वस्तू टिकावी असे म्हटले की ती सुबक हवी, मोडता कामा नये, कपाटात नीट राहायला हवी, हे सगळे ओघाने येते. मग मुलाने त्या वस्तूशी खेळण्याऐवजी ती जपायची असते. लहान मुलांसाठी मात्र उलटे असायला हवे. जी वस्तू पाच मिनिटांत होते, दहा मिनिटांत मोडते आणि पुन्हा थोडी वेगळी करून पाहता येते, तिच्यातून मूल सर्वांत जास्त शिकते.

या लेखात अशा चार कृती दिल्या आहेत. पहिली बालवाडीच्या मुलांना जमणारी आहे आणि शेवटची तिसरी-चौथीपासून पुढच्या मुलांसाठी. चारही कृती अनेक शिक्षकांना ऐकून माहीत असतील. म्हणून वस्तू कशी करावी यापेक्षा वस्तू झाल्यावर काय करावे, यावर येथे जास्त भर दिला आहे.

एकच गोष्ट बदलायची

चारही कृतींना लागू पडणारी रीत आधी पाहू. वस्तू तयार झाली की तिच्यात एक बदल करायचा, आणि एका वेळी एकच. बदल करण्याआधी 'आता काय होईल?' असे विचारायचे आणि मुलांना अंदाज सांगू द्यायचा. मग जुनी वस्तू आणि बदललेली वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहायचे.

एकच बदल का? भिंगरीचे पाते लांब केले आणि तिला टाचणीही जास्त लावली, तर ती वेगळी का पडली हे कळायला मार्ग उरत नाही. पाते की टाचणी? प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ हाच नियम पाळतो. सहा वर्षांच्या मुलाला 'चल' आणि 'नियंत्रित प्रयोग' हे शब्द सांगायची गरज नाही, पण 'एकाच गोष्टीत ढवळाढवळ करायची' हा खेळाचा नियम म्हणून त्याला सहज समजतो.

अंदाज आधी का? कारण अंदाज सांगितला की मूल त्या प्रयोगात गुंतते. 'माझे खरे होते का' हे पाहायला ते धावते. अंदाज चुकला तर ते जास्तच बारकाईने पाहते. मात्र चुकलेल्या अंदाजाला हसू नये आणि बरोबर अंदाजाला बक्षीसही देऊ नये. दोन्ही केले तर पुढच्या वेळी मुले वस्तूकडे न पाहता शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात.

पहिली कृती : भाजीचे ठसे (वय ३ ते ५)

भेंडी आडवी कापा. कापलेली बाजू ओल्या हळदीत, गेरूत किंवा निळीत बुडवून कागदावर उमटवा. फुलासारखा किंवा चांदणीसारखा ठसा येतो. ही कृती नवी नाही. बहुतेक बालवाड्यांत ती होते, आणि ठसे उमटवून कागद भरला की संपते.

आता एक बदल करा. तीच भेंडी उभी कापा. कापण्याआधी मुलांना विचारा, 'आता ठसा कसा येईल?' बहुतेक मुले पुन्हा फूल सांगतील. उमटतो तो एक लांबट, टोकदार आकार, आणि त्यात बियांच्या जागा ओळीने. आतली वस्तू एकच, पण कुठून कापली यावर ती कशी दिसेल हे ठरते. पुढे आठवी-नववीत जीवशास्त्राच्या पुस्तकात 'आडवा छेद' आणि 'उभा छेद' अशा आकृत्या मुले पाठ करतात. त्या आकृत्यांची ओळख येथे चार वर्षांच्या वयात होऊ शकते.

पुढचा खेळ असा. शिक्षकांनी कांदा, लिंबू, कारले, भेंडी यांचे ठसे आधीच एका कागदावर काढून ठेवावेत. भाज्या शेजारी अख्ख्या ठेवाव्यात. कोणता ठसा कोणाचा, ते मुलांनी ओळखायचे. मतभेद झाला तर वाद घालत बसायचे नाही, भाजी कापून पाहायची. 'कापून पाहू' हे वाक्य मुलांच्या तोंडी आले की त्या तासाचे काम झाले असे समजावे.

हळदीच्या ठशांना एक गंमत जोडता येते. ठसा वाळला की त्याच्यावर बोटाने कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचे पाणी लावा. पिवळा ठसा तांबडा होतो. त्यावर लिंबू फिरवले की तो पुन्हा पिवळा होतो. कपड्यावर सांडलेली आमटी धुताना आईने हे अनेकदा पाहिलेले असते. हळदीतले रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थात तांबडे आणि आम्लात पिवळे दिसते, हे स्पष्टीकरण शिक्षकांसाठी. लहान मुलांसाठी 'आणखी कशाने होईल?' हा प्रश्न पुरे. ताक लावून पाहू द्या, चिंचेचे पाणी लावून पाहू द्या, साधे पाणीही लावून पाहू द्या. साध्या पाण्याने काही होत नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

सुरी मात्र शिक्षकांच्याच हातात असावी. साबणाचे बोट डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

दुसरी कृती : मातीची होडी (वय ५ ते ८)

दुकानात रंगीत माती मिळते. मुले तिला 'क्ले' म्हणतात. ती तेलकट असल्याने पाण्यात विरघळत नाही. अलीकडे वजनाला अगदी हलकी, पाण्यावर तरंगणारी मातीही मिळते. ती येथे चालणार नाही. म्हणून आधी एक छोटा गोळा पाण्यात टाकून तो बुडतो ना, हे पाहून घ्यावे.

प्रत्येक गटाला लिंबाएवढा गोळा आणि पाण्याची एक परात किंवा घमेले द्या. गोळा पाण्यात टाकला की तळाला जातो. आता सांगा, 'माती वाढवायची नाही, कमी करायची नाही. हीच माती तरंगवून दाखवा.' येथे शिक्षकांनी नमुना करून दाखवू नये. मुले गोळा चपटा करतील, लांब वळी करतील, पोळी करतील. पोळी बहुधा बुडेल. कोणीतरी पोळीच्या कडा वर उचलेल आणि वाटी तयार होईल. मग ती युक्ती वर्गभर पसरायला वेळ लागत नाही. पसरू द्यावी. ही परीक्षा नाही.

होडी तरंगली की खरा खेळ सुरू होतो. तिच्यात एकेक चिंचोका ठेवायचा. किती चिंचोके ठेवल्यावर ती बुडते? आकडा फळ्यावर लिहायचा. मग माती पुन्हा गोळा करून, पुसून, दुसऱ्या आकाराची होडी करायची. उथळ आणि पसरट होडी जास्त वजन नेते की खोल आणि अरुंद? चिंचोके एका बाजूला ठेवले तर? मधोमध ठेवले तर? पहिली-दुसरीच्या मुलांना येथे मोजणी, तुलना आणि नोंद असे सगळे सहज करावे लागते, आणि गणिताच्या पुस्तकाचे नावही काढावे लागत नाही.

शिक्षकांसाठी हिशेब असा. समजा गोळ्याचे वजन ६० ग्रॅम आहे आणि तो ४० घन सेंमी जागा व्यापतो. पाण्यात बुडाल्यावर तो ४० घन सेंमी पाणी बाजूला सारतो. या पाण्याचे वजन ४० ग्रॅम. जेवढे पाणी बाजूला सारले त्याच्या वजनाइतकाच पाण्याचा वरचा रेटा मिळतो, म्हणजे ४० ग्रॅम वजनाएवढा. गोळा ६० ग्रॅमचा, रेटा ४० ग्रॅमचा, गोळा बुडतो. त्याच मातीची वाटी केली तर आतल्या पोकळीमुळे ती पाण्यात उतरताना जास्त पाणी सारू शकते. ६० घन सेंमी पाणी सारेपर्यंत ती उतरते आणि तेथेच थांबते, म्हणजे तरंगते. काठापर्यंत बुडेतो ती १५० घन सेंमी पाणी सारू शकत असेल, तर आणखी ९० ग्रॅम ओझे तिला झेपेल. त्यापुढचा चिंचोका तिला बुडवतो. लोखंडी जहाज तरंगते आणि लोखंडी खिळा बुडतो, त्याचे कारण हेच.

हे सगळे मुलांना सांगण्याची घाई करू नये. वयाच्या सातव्या वर्षी 'वाटी केली की तरंगते, आणि मोठी वाटी जास्त ओझे नेते' एवढे स्वतःच्या हाताने सापडले, तर आर्किमिडीजचा सिद्धान्त वाचताना त्याला टेकायला जागा मिळते.

तिसरी कृती : भिंगरी (वय ६ ते १०)

वहीच्या कागदाची १६ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद पट्टी घ्या. वरच्या टोकापासून मधोमध ८ सेंमीपर्यंत उभी कापा. ही दोन पाती झाली. कापलेली रेघ जिथे संपते त्याच्या १ सेंमी खाली, दोन्ही बाजूंनी आत सुमारे सव्वा सेंमीची चीर द्या. चिरेखालच्या दोन्ही कडा आत दुमडा, म्हणजे खाली तीन पदरी दांडी तयार होईल. दांडीचे टोक १ सेंमी वर दुमडा किंवा तिला कागदाची टाचणी म्हणजे यू-क्लिप लावा. आता एक पाते पुढे आणि दुसरे मागे असे आडवे वाकवा. भिंगरी हातात उंच धरून सोडा. ती गिरक्या घेत खाली येते.

बदल करण्यासारख्या गोष्टी येथे भरपूर आहेत. पुढे गेलेले पाते मागे आणि मागचे पुढे केले तर? भिंगरी उलट दिशेने फिरते. हे पाहण्यासाठी एका पात्यावर रंगीत खडूने ठळक खूण करावी. दोन्ही पाती एकाच बाजूला वाकवली तर? ती नीट फिरत नाही, भरकटत पडते. पाती निम्मी कापली तर? दोन यू-क्लिपा लावल्या तर?

येथे वेळ मोजायला घड्याळ लागत नाही. दोन भिंगऱ्या दोन हातांत एकाच उंचीवर धरून एकदम सोडायच्या, आणि खाली बसलेल्या मुलांनी कोणती आधी टेकली ते सांगायचे. एकदा पाहून समाधान मानू नये, पाच वेळा सोडावे. पाचातून चार वेळा एकच निकाल आला तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन-तीन असा आला तर 'नक्की सांगता येत नाही' असे फळ्यावर लिहावे. असे उत्तरही असू शकते, हे मुलांना शाळेत फारसे ऐकायला मिळत नाही.

दोन क्लिपा लावलेली भिंगरी आधी टेकते. मुले लगेच म्हणतात, 'जड वस्तू लवकर पडते.' हे वाक्य खोडू नये. त्याऐवजी तेवढ्याच मापाची आणखी एक पट्टी घ्यावी, तिला एक क्लिप लावून चुरगळून गोळा करावा, आणि एक क्लिप असलेल्या भिंगरीबरोबर सोडावा. कागद तेवढाच, क्लिप तेवढीच, वजन सारखेच, तरी गोळा कितीतरी आधी पडतो. आता मघाचे वाक्य पुरेसे राहत नाही. वजनाखेरीज आणखी काहीतरी आहे. ते काय, हे शोधायला मुलांना एक दिवस द्यावा.

भिंगरी फिरते का, ते असे. ती खाली येताना हवा पात्यांना खालून वर रेटते. पाती किंचित वर उचललेली, तिरपी असतात, म्हणून हा रेटा निव्वळ वर न जाता थोडा बाजूलाही लागतो. एका पात्यावर तो एका बाजूला, तर दुसऱ्यावर उलट बाजूला. पाती मधल्या रेघेच्या दोन अंगांना असल्यामुळे हे दोन रेटे एका रेषेत येत नाहीत. बरणीचे झाकण उघडताना आपला अंगठा एकीकडे ढकलतो आणि बोट उलट दिशेला, आणि झाकण फिरते. तसेच येथे घडते. फिरत्या पात्यांमुळे भिंगरी सरळ उभी राहते आणि हवा तिला सावकाश खाली येऊ देते.

झाडांनी ही युक्ती फार पूर्वीच वापरली आहे. शेवग्याची वाळलेली शेंग फोडा. प्रत्येक बीला कागदासारखे पातळ तीन पंख असतात. माधवलतेच्या फळालाही तीन पंख असतात आणि ते गिरक्या घेत पडते. मूळ झाडापासून जरा दूर रुजता यावे, तर हवेत जास्त वेळ राहणे फायद्याचे असते. तेवढ्यात वारा बी पुढे नेतो. शेवग्याच्या एका बीचे पंख खुडून टाकावेत आणि दुसरी तशीच ठेवून दोन्ही एकदम सोडाव्यात. कागदावर शिकलेली रीत मुले आता झाडाच्या बीवर वापरतात, तीही शिक्षकांनी न सांगता.

चौथी कृती : त्रिकोण आणि चौकोन (वय ८ ते १२)

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हट्यूब मिळते. तिचे २ सेंमीचे तुकडे करा. काडेपेटीतल्या काड्या घ्या. काड्यांचा गुल आधी पाण्यात भिजवून पुसून काढावा आणि काड्या वाळवून घ्याव्यात. हे काम शिक्षकांनीच करावे. कोरडा गुल खरवडू नये. नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी खुपसली की वाकणारा सांधा तयार होतो.

तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण करा. चार काड्या आणि चार सांधे यांचा चौकोन करा. दोन्ही टेबलावर उभे धरून वरचा कोपरा बाजूला ढकला. चौकोन लगेच कलंडतो. त्रिकोण हलत नाही. सांधे तेच, काड्या त्याच.

आता प्रश्न असा : एक काडी जास्तीची देतो, चौकोन पक्का करून दाखवा. दोन समोरासमोरच्या सांध्यांना दाभणाने भोक पाडून द्यावे. मुले काडी कर्णावर बसवायला जातात आणि ती अपुरी पडते, कारण चौरसाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट असतो. एखादे मूल दोन काड्या जोडू पाहील, एखादे काडी शोधायला बाहेर जाईल. आणि एखादे चौकोनच दाबून असा तिरपा करील की समोरासमोरचे दोन कोपरे जवळ येतील आणि काडी नेमकी बसेल. तेव्हा दिसतो तो दोन त्रिकोण एकमेकांना चिकटलेला आकार. तो आता हलत नाही.

कारण सरळ आहे. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोन आपोआप ठरतात, ते बदलायला वावच नसतो. भूमितीत पुढे 'बाबाबा कसोटी' येते, ती हीच गोष्ट सांगते. चौकोनात चार बाजू ठरल्या तरी कोन मोकळे राहतात. म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या कैचीत, विजेच्या मनोऱ्यात, पुलाच्या कठड्यात जागोजागी त्रिकोण दिसतात. फळ्यांच्या दाराला मागून तिरपी पट्टी ठोकलेली असते. सायकलच्या सांगाड्याचा मागचा भाग त्रिकोण असतो आणि पुढचा जवळजवळ त्रिकोण. शाळेतून घरी जाताना असे दहा त्रिकोण शोधून आणा असे सांगितले, तर मुले दुसऱ्या दिवशी वीस आणतात.

काड्या आणि व्हॉल्व्हट्यूब यांच्या या जोडीला एक इतिहास आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुस्तकातले वाचून पाठ करण्याऐवजी मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकावे, हा त्याचा आधार होता. पुण्यातील एका मोटार कारखान्यात काम करणारे तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले. गावच्या बाजारात मिळणाऱ्या अशा किरकोळ सामानातून त्यांची खेळणी घडत गेली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली बंद झाला. खेळणी मात्र देशभर पसरली.

आपल्याकडे ही वाट आणखी जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ते पुढे कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसोरी पद्धतीची सुबक साधने महाग होती आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांना परकीही होती. म्हणून त्यांनी परिसरातल्या बिया, पाने, शंखशिंपले, माती हेच साधन मानले. खर्च वाचला हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की ज्या वस्तू मुलाच्या अंगणात पडलेल्या होत्या, त्यांच्याविषयी शाळेत विचार करता येतो हे त्या मुलाला कळले.

हे वर्गात कसे बसवावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये या टप्प्यासाठी 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्या-साधनांचा संच जाहीर झाला. धोरणाची साथ आहे, ही चांगली गोष्ट. पण पेटी आली म्हणून मुले आपोआप विचार करू लागत नाहीत. पेटीतले खेळणेही 'असे खेळा' म्हणून दाखवले आणि परत ठेवले, तर त्याचे भिंतीवरचे बदक होते. आणि जिथे पेटी पोहोचली नाही तिथे भेंडी, माती आणि वहीचा कागद यांवर काम अडत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. तास ३५ मिनिटांचा, मुले चाळीस, काही ठिकाणी दोन इयत्तांना मिळून एक शिक्षक. म्हणून काही व्यवहार्य गोष्टी. चार-चार मुलांचे दहा गट करावेत; प्रत्येकाला वेगळी वस्तू नसली तरी चालते, पण प्रत्येक गटात वस्तू हवी. पहिल्या दिवशी फक्त वस्तू करावी आणि मनसोक्त खेळू द्यावे. बदल आणि तुलना दुसऱ्या दिवशी. खेळून झालेले नसताना मुलांना 'नीट निरीक्षण करा' असे सांगणे व्यर्थ आहे. एक मीटर व्हॉल्व्हट्यूबचे ५० सांधे होतात. एका गटाला त्रिकोण आणि चौकोन मिळून सात सांधे लागतात, म्हणजे एका मीटरमध्ये सात गटांचे काम भागते. तीन वर्षांखालील भावंडे वर्गात येऊन बसत असतील तर चिंचोके, क्लिपा आणि नळीचे तुकडे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत; ते घशात अडकू शकतात.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात येईल. वाचनात मागे पडणारे, तासाला शेवटच्या बाकावर बसणारे एखादे मूल या कृतींत अचानक पुढे येते. घरी त्याने सायकल पुसलेली असते, गोठ्याचे दार दोरीने बांधलेले असते, विहिरीवर दोर ओढलेला असतो. हाताला जे माहीत आहे ते शाळेत उपयोगी पडते, असा अनुभव त्याला क्वचित येतो. वयाच्या सहाव्या ते दहाव्या वर्षी मुले एक गोष्ट मनाशी ठरवून टाकतात : उत्तर आपल्याला शोधता येते, की ते फक्त पुस्तकात आणि गुरुजींकडे असते? दुसरा निष्कर्ष एकदा पक्का झाला, की पुढे दहावीत प्रयोगाची वहीसुद्धा दुसऱ्याची पाहून उतरवली जाते.

मुले असे प्रश्न विचारतील की ज्यांची उत्तरे शिक्षकांना येणार नाहीत. भिंगरी दोनऐवजी चार पात्यांची केली तर? खारट पाण्यात होडी जास्त चिंचोके नेईल का? अशा वेळी 'मलाही माहीत नाही, करून पाहू' एवढे म्हणणे पुरते. वरचे दोन्ही प्रश्न वर्गातच सोडवता येतात. परातीतल्या पाण्यात मूठभर मीठ विरघळवा आणि मोजा.

येत्या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर भिंगरीपासून करावी. सामान एवढेच : पाठकोऱ्या वहीची दहा पाने, दोन कात्र्या, वीस यू-क्लिपा, रंगीत खडू, आणि चढून उभे राहायला एक पक्के बाक. तासाच्या शेवटी भिंगऱ्या भिंतीवर लावू नयेत, मुलांना घरी नेऊ द्याव्यात. भिंतीवर लावायचेच असेल तर त्या दिवशी न सुटलेला प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून, विचारणाऱ्या मुलाच्या नावासह लावावा, आणि सुटेपर्यंत काढू नये.